घणाच्या गाडीला दांडी

भावजींनी मला आयुष्यात चार वेळा मारलं. पहिल्या तीन वेळा चूक त्यांची होती. चौथ्या वेळी माझी होती, आणि त्या फटक्याने माझा डावा कान गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे, आणि तीच सांगायला बसलोय.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा. धंदा गाड्या सरळ करण्याचा. अपघातात चेपलेली, पिळवटलेली गाडी त्यांच्या शेडमध्ये यायची. ते तिला साखळ्यांनी जमिनीतल्या कड्यांना बांधायचे, ओढायचे, ठोकायचे, कापायचे, वेल्डिंग मारायचे आणि पुन्हा चार चाकांवर उभी करायचे. बाजारात त्यांना सगळे घण म्हणायचे. तोंडावर म्हणायची हिंमत एकट्या ताईची. शेडच्या दुसऱ्या टोकाला माझं अलाइनमेंटचं मशीन. त्यांनी गाडी सरळ केली की मी तिची चाकं सरळ करायची, अशी आमची वाटणी.

भावजींना राग यायचा असं म्हणणं चूक आहे. राग त्यांच्याकडे कायमचा राहायला होता, आमचं येणं-जाणं असायचं. एकदा एक गिऱ्हाईक शेडबाहेर उभं राहून सारखा हॉर्न वाजवत होतं. भावजी गेले, बोनेट उघडलं, हॉर्न वायरींसकट उपटला आणि त्या माणसाच्या मांडीवर ठेवला. तो म्हणाला, "ही काय पद्धत झाली?" पद्धत त्याला समोरची काच फुटल्यावर कळली. दुसऱ्या एकाचं बोट त्यांनी त्याच्याच गाडीच्या डिकीत धरलं होतं, का तर तो म्हणाला की रंगाची छटा एक नंबर फिकी आहे. छटा खरंच फिकी होती, मी पाहिली होती. मी बोललो नाही.

ताईवर त्यांनी एकदाच हात उचलला, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात. ताईच्या हातात पातेलं होतं, ते तिने तसंच त्यांच्या तोंडावर हाणलं. पुढचा एक दात पडला. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचो, दात मलाच फडताळाखाली सापडला. त्यानंतर ताईच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. आणि लेकीला तर त्यांनी जन्मात बोट लावलं नाही. शेडमध्ये दिवसभर हाणामारी करून आलेला माणूस घरी तिच्या केसांतला गुंता सोडवत बसायचा, आणि ती ओरडली की घाबरायचा.

ही लेक, म्हणजे माझी भाची, गाडीवेडी निघाली. गावाबाहेर शर्यतीचा बंदिस्त रस्ता आहे, तिथे दर रविवारी लहान गाड्या पळतात. तिच्यासाठी भावजींनी एक दोन सिटांची स्पोर्ट्स कार उभी केली. ती ट्रकखाली गेलेली होती, मालकाने भंगारात काढलेली. चौदा महिने रोज सकाळी धंद्याचं काम सुरू व्हायच्या आधी दोन तास भावजी तिच्यावर राबले. दारांखालचा पत्रा सगळा नवा, त्यावरचा वेल्डिंगचा प्रत्येक टाका त्यांच्या हातचा. पहिल्याच वर्षी भाचीने तीन शर्यती मारल्या. भावजी कोणाला काही बोलले नाहीत, पण तिन्ही कपांना शेडमध्ये ग्रीसच्या डब्याशेजारी जागा मिळाली.

पुढच्या वर्षी एकदा भाची म्हणाली, "बाबा, चार-पाच फेऱ्या झाल्या की उजवं दार अडकतं. उतरताना खांदा लावावा लागतो." भावजींनी कानस घेतली, दाराची कड घासली, रंगाचा हात मारला. दार पुन्हा छान लागायला लागलं. दार अडकलं की कड घासायची, हे आमच्या धंद्यात कोणीही करतं. का अडकलं, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

मग भाचीचं लग्न झालं, जावई आला. वजनकाटे दुरुस्त करायचा. हळू बोलायचा, आणि हळू बोलणाऱ्या माणसाचा भावजींना मनस्वी तिटकारा. तो शर्यतीला जाऊन भाचीच्या फेऱ्यांची वेळ टिपायचा. एक दिवस शेडमध्ये येऊन म्हणाला, "बाबा, गाडीला पुढे दांडी लावू या."

दांडी म्हणजे काय ते सांगतो. पुढच्या दोन्ही शॉकअपची डोकी बोनेटखाली डावी-उजवीकडे असतात. त्या दोन डोक्यांना जोडणारी एक जाड आडवी दांडी मिळते, दोन्ही टोकांना आटे, लांबी कमी-जास्त करता येते. जोरात वळताना बॉडी पिळली तर ती डोकी सरकतात, चाकांचा कोन बिघडतो, गाडी सांगाल तसं ऐकत नाही. दांडी त्यांना जागेवर धरते. पण बॉडी मुळातच ताठ असेल तर दांडी म्हणजे नुसतं वजन. मला कोणी विचारलं तर मी सांगतो, आधी बॉडी पिळते का ते बघा. पिळत नसेल तर चांगले टायर घाला आणि गप्प गाडी चालवा.

भावजींसाठी मात्र प्रश्न तेवढाच नव्हता. दांडी हवी म्हणजे बॉडी पिळते. बॉडी पिळते म्हणजे यांचं वेल्डिंग कच्चं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही काटे दुरुस्त करा. दुकानदाराचा काटा हलतो. माझी बॉडी हलत नाही."

जावयाने खिशातून लहान मुलं खेळतात त्या रंगीत मातीची गोळी काढली. "ही मी उजव्या दाराच्या फटीत लावली होती. तीन फेऱ्यांनंतर अशी चपटी झाली. फट वळणावर तीन मिलिमीटरने मिटते, बाबा."

भावजींनी गोळी घेतली, बघितली आणि त्याच्या कपाळावर फेकून मारली. ती चिकटली. मला हसू आलं, मी तोंड फिरवलं. जावई कपाळाला गोळी तशीच ठेवून म्हणाला, "तरी पण तीन मिलिमीटर." पोरगा मऊ होता, पण कच्चा नव्हता.

रविवारी मोठी शर्यत होती. शुक्रवारी दुपारी भावजींनी आम्हाला सगळ्यांना बोलावलं आणि त्यांची नेहमीची परीक्षा लावली. पुढच्या उजव्या कोपऱ्याला जॅक लावायचा, चाक हवेत उचलायचं. बॉडी पिळत असेल तर दाराची चौकट वाकडी होते आणि दार अडकतं. ताठ असेल तर दार जमिनीवर लागतं तसंच लागतं. त्यांनी जॅक चढवला, दार उघडलं, दोन बोटांनी लोटलं. खट्. पुन्हा उघडलं, पुन्हा खट्. शेजारच्या शेडमधली माणसं जमा झाली, त्यांनाही दाखवलं. लेकीच्या लग्नातसुद्धा त्यांचा चेहरा इतका खुलला नव्हता.

तेवढ्यात जावयाने बोनेट उघडलं, आणलेली दांडी दोन्ही डोक्यांवर बसवली आणि नटं आवळली. आटे फिरवून ताणही दिला. गाडी जॅकवर असतानाच. मी लांबून बघत होतो आणि मला कळलं की हा चुकतोय. दांडी आवळायची ती गाडी चारही चाकांवर, सपाट जमिनीवर उभी असताना. नाहीतर पिळलेली बॉडी तशीच कुलूपबंद होते. पण काट्याच्या धंद्यात उलटं असतं. तिथे वजन उतरवून, काटा उचलून धरला की मगच स्क्रू आवळतात. पोरगा आपल्या हाताच्या सवयीने गेला.

भावजी वळले आणि त्यांना दांडी दिसली.

 हातात पान्हा होता, तो तसाच फिरवला. जावयाचा जबडा मोडल्याचा आवाज मी शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकला, वाळकी फळी मोडावी तसा. तो बोनेटवर आडवा झाला, तोंडातून रक्त आणि दोन दात इंजिनवर पडले. भावजींनी त्याला कॉलरला धरून खाली ओढलं आणि लाथ घातली. मला वाटलं संपलं. पण त्या हळू बोलणाऱ्या पोराच्या हाताला जॅकचा दांडका लागला आणि त्याने तो भावजींच्या बरगडीत घातला, मग गुडघ्यावर, मग पुन्हा गुडघ्यावर. भावजी कोसळले. कोसळताना त्यांनी साखळी ओढली आणि त्याच्या गळ्याभोवती टाकली. मी सोडवायला गेलो तर मला कोणाची तरी लाथ पोटात बसली, कोणाची ते आजही ठाऊक नाही. जावई निळा पडायला लागला होता. जमलेल्यांपैकी एकही पुढे आला नाही. घणाच्या मध्ये कोण पडणार?

भाची पडली. तिने भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर उचलला आणि दोघांवर अख्खा रिकामा केला. बाप आणि नवरा, दोघं पांढरे होऊन खोकत बसले. साखळी सुटली. रिकामा सिलिंडर हातातच धरून ती म्हणाली,

"रविवारी गाडी मी चालवणार. दांडीसकट. आता जो गाडीला हात लावेल त्याने आधी मला मारायचं."

भावजींनी मान खाली घातली. लेकीवर हात उचलणं त्यांच्याने होणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

जावयाला दवाखान्यात न्यायला जीप आत घ्यायची होती आणि गाडी दारात आडवी होती. जॅक मी उतरवला. उतरताना दांडीतून एक बारीक कर्र असा आवाज आला. मी तो ऐकला. नटं सैल करून, जमिनीवर पुन्हा आवळून, गाडी माझ्या मशीनवर घेणं हे अर्ध्या तासाचं काम. शनिवारी करू म्हटलं. शनिवारी भावजी सुजलेला गुडघा घेऊन शेडच्या दारात बसून होते. आत जाऊन मी काय सांगणार होतो? दांडी चुकीची आवळलीय म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, बघ, मी सांगत होतो, आणि उठून पुन्हा जावयाला मारायला दवाखान्यात गेले असते. मी घाबरलो. शांतता राहू दे म्हणून गप्प बसलो. हे मी सरळ सांगतो, त्यात काही झाकत नाही.

रविवारी भावजी "मला काय करायचंय" म्हणत माझ्याआधी कुंपणाला येऊन उभे. पहिल्या तीन फेऱ्या भाचीने अशा मारल्या की लोक उठून उभे राहिले. डावी वळणं तर चाकूने कापल्यासारखी. उजव्या वळणांवर मात्र गाडीचं नाक जरा उशिरा वळत होतं. मला ते दिसत होतं. चौथ्या फेरीत शेवटच्या उजव्या वळणाला नाक वळलंच नाही. गाडी सरळ गेली, मग एकदम टायरने पकड घेतली आणि ती आडवी होऊन टायरांच्या भिंतीवर आदळली, वर उडाली, छपरावर पडली, पुन्हा उलटली आणि काँक्रीटच्या कठड्याला उजव्या कुशीने चिकटून घासत गेली. पत्रा फाटण्याचा तो आवाज संपेचना.

भावजी मोडक्या गुडघ्याने कुंपणावरून उडी मारून गेले. उजवं दार उघडेना. त्यांनीच घासलेलं दार, दोन बोटांनी लागणारं. त्यांनी हातांनी ओढलं, नखं उलटली. मग मदत करणाऱ्यांची पहार हिसकावली आणि दारावर घाव घालायला लागले. आत भाची किंचाळत होती, बाहेर हा माणूस तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पहार मारत होता, आणि रक्त कोणाचं कुठलं ते कळत नव्हतं. दार उघडायला अकरा मिनिटं लागली. पेडलखाली तिच्या उजव्या पावलाचं पाऊल राहिलं नव्हतं. दवाखान्यात घोट्याच्या वरून कापावं लागलं.

जीव वाचला. पहिले दोन दिवस आम्ही तेवढंच एकमेकांना सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी गाडी शेडमध्ये आली. भावजी ग्राइंडर घेऊन बसले. मला वाटलं दांडीचे तुकडे करतील आणि ते तुकडे घेऊन जावयाकडे जातील. त्यांनी दारांखालचा पत्रा कापून उलगडला आणि मला हाक मारली.

"बघ."

त्यांच्या वेल्डिंगचे टाके सुटले होते. नुकताच फाटलेला पत्रा चकाकतो. आधीच फाटलेल्याला गंज चढतो. मी मोजले, उजव्या बाजूचे अकरा टाके गंजलेले होते. ती गाडी कित्येक महिने पिळत होती.

मग ते दांडीकडे गेले, पट्टी लावली. "ही चार मिलिमीटर आखूड आवळलीय. जॅकवर आवळली. बॉडी मी म्हणत होतो तशी ताठ असती तर जॅकवर आवळली काय, जमिनीवर आवळली काय, काही फरक पडला नसता." पट्टी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "जॅक कोणी उतरवला?"

"मी," मी म्हणालो. "कर्र आवाज आला होता. मला कळलं होतं."

तोच तो चौथा फटका. उघड्या हाताचा, पण पाठीमागे तीस वर्षांचा घण होता. मी साखळ्यांवर जाऊन पडलो. डाव्या कानातून काहीतरी गरम वाहिलं आणि शिटी सुरू झाली, ती अजून वाजते. मी दुसऱ्या फटक्याची वाट बघत पडून राहिलो. तो आला नाही.

"ऊठ, मेव्हण्या," ते म्हणाले. आवाज मला उजव्या कानाने लांबून आल्यासारखा वाटला. "तुझा वाटा एवढाच. बाकी सगळा माझा. दार काढायला हात लाव."

आम्ही ते दार काढलं. भावजींनी ते डोक्यावर घेतलं आणि लंगडत दवाखान्यात निघाले. मी मागे कानाला फडकं दाबून. फाटकावरच्या पहारेकऱ्याने अडवलं, "हे काय? आत नेता येणार नाही." मी डोळे मिटले. भावजी म्हणाले, "मुलीला दाखवायचंय हो. पाच मिनिटं." माझ्या आठवणीत या माणसाने कोणाची तरी विनवणी केल्याची ही पहिली वेळ. पहारेकरी बाजूला झाला.

खोलीत भाची उशीला टेकून बसली होती. ताई पायथ्याशी. जावई खुर्चीत, जबडा तारांनी बांधलेला, नळीने पाणी ओढत. भावजींना बघून तो उठून भाचीच्या आणि त्यांच्या मध्ये उभा राहिला. ते मला फार लागलं. भावजींनाही लागलं असणार. त्यांनी दार पलंगाला टेकवलं, भाचीचा हात धरून तिचं बोट घासलेल्या कडेवरून फिरवलं.

"दार अडकत होतं कारण बॉडी पिळत होती," ते म्हणाले. "माझे टाके सुटले होते. मी दार घासलं, म्हणून शुक्रवारी जॅकवर ते अडकलं नाही. हा बरोबर सांगत होता. दांडी हवी होती, त्याआधी टाके हवे होते." आणि मग एवढा मोठा माणूस त्या वाकड्या पत्र्याला धरून हुंदके द्यायला लागला.

मग जॅकवरच्या त्या कर्र आवाजाचं आणि मी गप्प बसल्याचं मी सांगून टाकलं. भाची त्या कडेवर बोट फिरवत राहिली.

"मी तुम्हाला सांगितलं होतं बाबा, दार अडकतंय म्हणून. तुम्ही दार घासलंत. ह्याने सांगितलं, तुम्ही ह्याचं तोंड फोडलंत. मामाला दिसलं होतं, तो तुम्हाला घाबरून बोलला नाही." तिने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. "तुम्ही मला कधी मारलं नाहीत, हे तुम्ही सगळ्यांना सांगता. सगळ्यांना मारलंत ना? ते मलाच लागलं."

 ताईने तोंडाला पदर लावला. नर्स आली आणि म्हणाली, हे लोखंड आधी बाहेर काढा. भावजी वाकले, पण त्या गुडघ्याने त्यांना दार उचलेना. दोनदा प्रयत्न केला. मग जावई काही न बोलता, त्याला बोलता येतच नव्हतं, दाराच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि त्याने ते उचललं. दोघं जिना उतरले. वळणावर दार दोनदा अडकलं, तेव्हा भावजी म्हणाले, "तुम्ही सांगा, कसं फिरवू?" आणि जावयाने हाताने दाखवलं.

याला तीन वर्षं झाली. भावजी आणि जावई अजून एका पंगतीला बसून हसत नाहीत, आणि भाची बापाच्या खांद्याऐवजी काठीचा आधार घेते. ते दार शेडमध्ये टांगलेलं आहे. कोणी गिऱ्हाईक म्हणालं की दार अडकतंय, तर भावजी कानस उचलत नाहीत, पत्रा उघडायला घेतात. आणि गाडी जॅकवरून उतरवली की हातातलं काम टाकून माझ्या उजव्या बाजूला येऊन उभे राहतात.

"काय ऐकू आलं?" विचारतात.

मला ऐकू आलेलं मी सांगतो. माझी तक्रार एवढीच आहे की हे त्यांनी त्या शुक्रवारी विचारलं नाही, आणि विचारायची वाट न बघता मी सांगितलं नाही.